न बघताच ‘फायनल’ म्हणणारं गिऱ्हाईक

फ्रीजची जाहिरात टाकली, किंमत लिहिली ८,००० रुपये, आणि पाच मिनिटांत फोन येतो: “सर, फायनल समझिए. आठ में ही लूँगा. पेमेंट अभी करता हूँ, शाम को लड़का आके ले जाएगा.” दार कुठल्या बाजूला उघडतं, किती वर्षं वापरलाय, कॉम्प्रेसर बदललाय का, काही विचारलेलं नाही. पाचशे रुपयेसुद्धा कमी करून मागितलेले नाहीत. जुन्या बाजारात पन्नास रुपयांच्या नळासाठी दहा मिनिटं हुज्जत घालणारी माणसं आपण. घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकाला फ्रीज नकोच असतो, त्याचं लक्ष तुमच्या खात्यावर असतं.

ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस, क्विकर किंवा सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, वस्तू कुठेही विका, फसवणुकीच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत. त्या कशा चालतात ते कळलं की बहुतेक भामटे पहिल्या दोन मिनिटांतच गळतात.

जाहिरात टाकण्याआधी

सगळ्यात उपयोगी तयारी बँकेतली आहे. विक्रीच्या पैशांसाठी पगाराचं खातं वापरू नका. एखादं दुसरं बचत खातं असेल तर त्यात पाचशे-हजार रुपयेच ठेवा आणि त्याला वेगळा यूपीआय आयडी जोडा. याचे फायदे दोन. चुकून पिन टाकलाच तर नुकसान तेवढ्यावर थांबतं. आणि कुणी चोरीचा पैसा तुमच्याकडे वळवला, पोलिसांच्या आदेशावरून बँकेने खातं गोठवलं, तरी घराचा हप्ता आणि किराणा अडत नाही. हा दुसरा प्रकार पुढे सविस्तर येतोच.

बऱ्याच जणांचा यूपीआय आयडी म्हणजे मोबाइल नंबरच असतो. बहुतेक ॲपमध्ये तो बदलून अक्षरी आयडी घेता येतो, तसा घ्या. जाहिरातीत फोन नंबर दिसू देऊ नका, बोलणं त्या संकेतस्थळाच्या चॅटमध्येच ठेवा. “व्हॉट्सॲपवर या” अशी घाई करणाऱ्याला बहुतेक वेळा एवढंच हवं असतं, की तक्रार झाली तरी चॅटचा पुरावा त्या संकेतस्थळाकडे राहू नये.

फोटोत घराच्या दारावरची पाटी, गाडीचा पूर्ण नंबर, मोबाइलचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळखक्रमांक) आणि बिलावरचा पत्ता दिसू देऊ नका. ठिकाण लिहिताना ‘कोथरूड’ किंवा ‘ठाणे पश्चिम’ एवढं पुरतं. किंमत बाजारभावाच्या फार खाली ठेवू नका. स्वस्त जाहिरातीवर दलाल आणि भामटे आधी तुटून पडतात आणि खरं गिऱ्हाईक “यात काहीतरी खोट असणार” म्हणून पुढे जातं.

पहिला फोन

दोन प्रश्न विचारा. “बघायला कधी येताय?” आणि “कुठून येताय?” खरा माणूस “रविवारी सकाळी, हडपसरहून” असं काहीतरी सांगतो. भामट्याला येताच येत नाही, म्हणून तो कारण देतो, आणि सगळ्यात घासलेलं कारण वर्दीचं आहे: “मी सैन्यात आहे, बदली झालीय”, “एअरपोर्टवर सीआयएसएफमध्ये ड्यूटी आहे, सुट्टी मिळत नाही”. न मागताच ओळखपत्र, आधार कार्ड, कँटीन कार्ड आणि गणवेशातला फोटो येतो. ही कागदपत्रं कुणाच्या तरी नावाची असतात, कित्येकदा आधी फसलेल्या माणसाचीच, कारण त्यानेही विश्वास दाखवायला आपलं आधार पाठवलेलं असतं. म्हणून फोटोत आलेल्या ओळखपत्राची किंमत शून्य धरा आणि आपलं ओळखपत्र कुणालाही पाठवू नका.

‘सैन्यात पैसे देण्याची वेगळी पद्धत आहे, आधी तुम्ही थोडे पाठवा, मग खात्यातून दुप्पट येतात’ असं सांगितलं जातं. अशी कुठलीही पद्धत नाही. जवानही तुमच्या-आमच्यासारखंच यूपीआय वापरतो.

आणखी एक बारीक सापळा. “तुम्ही खरे विक्रेते आहात का ते तपासतो, तुम्हाला सहा आकडी कोड आलाय, तो सांगा.” हा कोड बहुतेक वेळा तुमच्या व्हॉट्सॲपचा असतो. तो सांगितला की तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या फोनवर सुरू होतं आणि अर्ध्या तासात तुमच्या आत्या-मामांकडे तुमच्या नावाने पैशांची मागणी जाते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून वेगळा पिन ठेवलात तर नुसत्या कोडने त्याचं काम होत नाही.

पैसे येत असताना तुमचं काम काहीच नसतं

यूपीआय पिन लागतो तो पैसे पाठवायला, ऑटोपेसारखी (ठरल्या वेळी आपोआप पैसे कापण्याची) परवानगी द्यायला किंवा शिल्लक बघायला. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, लिंक उघडावी लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही. देणाऱ्याला तुमचा यूपीआय आयडी किंवा तुमचा क्यूआर मिळाला की त्याने आपल्या फोनवर पिन टाकायचा आणि तुमच्या खात्यात रक्कम दिसायची, एवढंच.

सापळा साधारण असा लागतो. “तुमच्या नंबरवर जात नाहीये, मी क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करा, पैसे जमा होतील.” चित्रात क्यूआरच्या खाली ‘८,००० रुपये प्राप्त करा’ असं ठळक लिहिलेलं असतं. ते चित्रावरचं चित्र आहे, ॲपचा त्याच्याशी काही संबंध नाही. स्कॅन केलं की तुमच्या ॲपमध्ये रक्कम आधीच भरलेली दिसते आणि खाली पैसे देण्याचं बटण असतं. पिन टाकला की ८,००० रुपये त्याच्याकडे गेले.

तो पहिल्याच फटक्यात मोठी रक्कम काढत नाही, हे या प्रकारातलं खरं कसब. आधी सांगतो, “५ रुपयांचा टेस्ट करू.” तुमचे ५ जातात आणि त्याच्याकडून खरोखर १० येतात. इथे माणूस फसतो, कारण आता त्याने स्वतः ‘पाहिलेलं’ असतं, की स्कॅन केलं आणि पैसे आले. प्रत्यक्षात ते दोन वेगळे व्यवहार होते. दुसऱ्या वेळी ८,००० जातात आणि फोनवर “सर, सर्व्हर अडकलंय, पुन्हा करा, दोन्ही एकदम परत येतील” असं ऐकू येतं. लोक तीन-तीनदा पिन टाकतात ते याच वाक्यामुळे. पहिली रक्कम गेल्यावर ती सोडवण्यासाठी दुसरी पाठवायची, हे जुगारात हरलेल्या माणसाचं गणित आहे.

पूर्वी यासाठी यूपीआय ॲपमधूनच ‘पैशांची मागणी’ पाठवली जायची. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५पासून बंद केली. व्यापारी म्हणून नोंदलेल्या आयडीवरून मागणी आणि ऑटोपेची विनंती मात्र अजूनही येऊ शकते. म्हणून सवय एकच ठेवा: पिनचा चौकोन समोर आला की वरची ओळ वाचायची. तिथे कुणाचं तरी नाव आणि रक्कम असेल तर पैसे तुमच्याकडून जाणार आहेत.

“ॲप नीट चालत नाहीये, मी मदत करतो” म्हणून एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखं ॲप उतरवायला सांगितलं तर फोन ठेवा. ही ॲप मुळात कामाचीच आहेत, पण त्यातून तुमचा स्क्रीन त्याला दिसतो आणि येणारा ओटीपीही दिसतो. व्हॉट्सॲपवर आलेली ‘कुरियर बुकिंग’ किंवा ‘पेमेंट पावती’ नावाची एपीके फाइलही (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) उघडू नका. ती संदेश वाचण्याची परवानगी मागते आणि मग ओटीपी सांगण्याचीसुद्धा गरज उरत नाही.

मेसेज आला, पैसे आले नाहीत

“८,००० ऐवजी ८०,००० गेले, चुकून एक शून्य जास्त पडलं, ७२,००० परत करा, आई हॉस्पिटलमध्ये आहे.” सोबत बँकेसारख्या शब्दांतला एसएमएस. तो नीट बघा. बँकेचा एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही, बँकेच्या नावाच्या अक्षरांवरून येतो. तरी निर्णय एसएमएस बघून करूच नका. बँकेचं ॲप स्वतः उघडा आणि खात्याचा उतारा बघा. तिथे नोंद नसेल तर पैसे आलेले नाहीत.

खरंच चुकून जास्त आले असतील तर? तरीही त्याने दिलेल्या नंबरवर परत पाठवू नका. त्याला सांगा, “तुमच्या बँकेत तक्रार करा, माझी बँक परत करेल.” आणि तुमच्या बँकेला लेखी कळवून ठेवा. चूक खरी असेल तर त्याला हा मार्ग चालतो.

समोरासमोरच्या व्यवहारात स्क्रीनशॉट किंवा हिरव्या बरोबरच्या खुणेवर वस्तू देऊ नका. हुबेहूब पेमेंट ॲपसारखी दिसणारी बनावट ॲप आहेत, त्यांत नाव आणि रक्कम टाकली की आवाजासकट ‘यशस्वी’ स्क्रीन येतो. खऱ्या यूपीआय व्यवहाराला १२ आकडी यूटीआर क्रमांक असतो. तो विचारा आणि आपल्या उताऱ्यातल्या क्रमांकाशी जुळवा. “बँकेचं सर्व्हर डाऊन आहे, तासाभरात दिसेल” असं ऐकू आलं तर वस्तू तासाभराने द्या. नवीन फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिले २४ तास मर्यादा साधारण ५,००० रुपयांची असते आणि एरवी दिवसाला १ लाखाची. त्यामुळे “लिमिट संपली” हे खरंही असू शकतं, पण मग उरलेली रक्कम रोख द्यावी किंवा उद्या यावं.

चेकची गोष्ट वेगळी. भरला की पासबुकात रक्कम दिसू शकते, वटला असं त्यावरून ठरत नाही. बँकेने ‘क्लिअर’ म्हणेपर्यंत वस्तू हलवू नका.

मधला माणूस

या प्रकाराबद्दल फार कमी बोललं जातं, आणि नेमके सावध लोकच यात अडकतात, कारण इथे पैसे खरे असतात.

समजा, तुम्ही मोबाइल २५,००० रुपयांना विकायला काढला. भामटा तुमचेच फोटो उचलतो आणि दुसऱ्या जाहिरातीत तोच फोन १८,०००ला टाकतो. तिथे एक खरा खरेदीदार सापडतो. तुम्हाला भामटा म्हणतो, “पैसे माझा मेहुणा पाठवतोय, फोन घ्यायला माझा मुलगा येईल.” खरेदीदाराला म्हणतो, “माझ्या अकाउंटंटच्या खात्यावर टाका.” ते खातं तुमचं. १८,००० खरेच तुमच्या खात्यात पडतात, “बाकीचे ७,००० मुलगा रोख देईल” असं सांगितलेलं असतं. मुलगा येतो, फोन घेतो, जातो. खरेदीदाराला फोन मिळत नाही, तो तक्रार करतो, आणि तक्रारीत नाव तुमचं असतं, कारण पैसे तुमच्या खात्यात आलेत. फोनही गेला, खातंही गोठलं.

गाडीच्या व्यवहारात याचंच दुसरं रूप दिसतं. मधला माणूस दोन्ही बाजूंना बजावतो, “भेटल्यावर किंमतीचं बोलू नका, घरातला मामला आहे.” हे वाक्य कानावर पडलं की सौदा तिथेच थांबवा आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला सरळ विचारा: “तुम्ही किती देताय आणि कुणाला देताय?”

उपाय सोपा आहे. पैसे पाठवणाऱ्याचं नाव ॲपमध्ये दिसतं. ते समोरच्या माणसाचं हवं आणि पैसे त्याने तुमच्यासमोर, आपल्या फोनवरून पाठवायला हवेत. “भाऊ पाठवतोय” चालणार नाही. बयाणाही अनोळखी खात्यातून घेऊ नका. ५०० रुपयांचा चोरीचा बयाणासुद्धा खातं अडकवायला पुरतो.

भेट आणि रोकड

मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा अशी हातात मावणारी वस्तू असेल तर दिवसा, कॅमेरे असलेल्या जागी भेटा: बँकेची शाखा, मॉलचा तळमजला, सोसायटीचं गेट. पोलीस चौकीसमोर भेटू म्हटलं तर खरा माणूस हसतो आणि येतो.

फ्रीज, सोफा, वॉशिंग मशीन बघायला घरीच यावं लागतं. अशा वेळी घरात दुसरं कुणीतरी असू द्या, गेटवरच्या वहीत किंवा ॲपमध्ये नोंद होऊ द्या आणि शक्य असेल तर वस्तू दाराजवळच्या प्लगला लावून ठेवा. कपाटं, दागिने, दुसरा टीव्ही हे दाखवायची गरज नाही. “तुम्ही दिवसभर घरी असता का?” याचं उत्तर “हो, कुणीतरी असतंच.”

रोकड घेत असाल तर नोटा त्याच्यासमोर मोजा. पाचशेच्या नोटेचा सुरक्षा धागा तिरका धरला की हिरव्याचा निळा होतो, आणि कडांना बोटाला जाणवणाऱ्या पाच रेषा असतात. रक्कम मोठी असेल तर पैसे भरण्याच्या मशीनपाशी भेटा आणि नोटा तिथल्या तिथे आपल्या खात्यात भरा. नोट खटकली तर मशीन घेत नाही, वाद घालायची वेळ येत नाही. दोन हजाराची नोट घेऊ नका. ती मे २०२३मध्ये चलनातून मागे घेतली, आता रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयांतूनच बदलून मिळते. आणि २ लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेणं आयकर कायद्यालाच मंजूर नाही.

क्रम सोडू नका: वस्तू बघणं, पैसे, खात्यात खात्री, मग वस्तू. टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत असला तरी.

मोबाइल आणि गाडी

मोबाइल देण्याआधी गूगल किंवा ॲपल खातं काढून टाका, मग फॅक्टरी रीसेट करा. उलट क्रमाने केलं तर नवा मालक कुलपाबाहेर अडकतो आणि तुम्हाला रात्री फोन येतात. *#०६# दाबून आयएमईआय लिहून घ्या. गिऱ्हाईक फोन बघत असताना नजर हलवू नका. तसाच दिसणारा बंद फोन परत हातात टेकवणं ही जुनी हातचलाखी आहे. परत घेताना आयएमईआय एकदा पडताळा.

मग दोन ओळींची पावती: “आज दिनांक अमुक, अमुक कंपनीचा मोबाइल, आयएमईआय अमुक, चालू स्थितीत, तपासून, इतक्या रुपयांना विकत घेतला. नाव, पत्ता, सही.” त्याचं मूळ ओळखपत्र डोळ्यांनी बघा आणि परवानगीने फोटो काढा. उद्या तो फोन गुन्ह्यात सापडला तर हीच पावती तुमच्या कामी येते.

दुचाकीच्या ‘चक्कर मारून बघतो’मध्ये गाड्या गेल्या आहेत. सोबत आणलेली त्याची गाडी तारण म्हणून पुरत नाही, तीच चोरीची असू शकते. मागे स्वतः बसा. मूळ आरसी त्याच्या हाती देऊ नका.

गाडी दिली म्हणजे मालकी गेली असं होत नाही. आरटीओत नाव बदलेपर्यंत मालक तुम्हीच, आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे. “नाव मी नंतर करून घेतो” म्हणणाऱ्याला कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊ नका. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० तारखेसकट भरा, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची ना-हरकत घ्या, राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवा. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ पावतीत लिहा. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर त्याचा टोल महिनाभर तुम्ही भरत राहाल.

पैसे गेलेच तर

आधी १९३०. राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा हा क्रमांक आहे. गेलेली रक्कम ज्या खात्यात आहे तिथेच रोखून धरायची असते, आणि ती एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून एटीएममध्ये लवकर सरकते. म्हणून भामट्याला जाब विचारण्यात वीस मिनिटं घालवू नका. फोन करताना आपली बँक, खातं, १२ आकडी यूटीआर, वेळ, रक्कम आणि त्याचा यूपीआय आयडी समोर ठेवा. मग आपल्या बँकेला कळवून यूपीआय बंद करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर लेखी तक्रार करून तिचा क्रमांक जपा. चॅट, जाहिरात आणि त्याच्या खात्याचे स्क्रीनशॉट लगेच काढा. त्याने खातं उडवलं की ते मिळत नाहीत. बँकेने ३० दिवसांत समाधान केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पण पिन तुम्हीच टाकला असेल तर बँकेकडून भरपाई मिळणं अवघड असतं. म्हणून खरी आशा त्या पहिल्या तासाची.

पैसे गेले नाहीत, नुसता प्रयत्न झाला, तर तो नंबर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर, संशयास्पद फोन-मेसेज कळवण्याच्या ‘चक्षू’ या सोयीत नोंदवा. दोन मिनिटांचं काम आहे.

तुमचंच खातं गोठलं असेल तर बँकेकडून तीन गोष्टी लेखी मागा: कुठल्या राज्याच्या कुठल्या पोलीस ठाण्याचा आदेश, तक्रार क्रमांक, आणि वादातली रक्कम. मग जाहिरात, चॅट आणि पावती त्या ठाण्याला ईमेलने पाठवा आणि फक्त तेवढीच रक्कम रोखून बाकी खातं मोकळं करावं अशी मागणी करा.

आणि या सगळ्यात ग्राहक सेवेचा नंबर गूगलवर शोधू नका. कार्डाच्या मागचा घ्या. तक्रार केल्यावर चार-आठ दिवसांनी “तुमचे पैसे सापडले, सोडवायला २,५०० रुपये फी” असा फोन येतो, कधी पोलीस अधिकाऱ्याच्या नावाने, कधी वकिलाच्या. तो बहुतेक पहिल्याच टोळीचा असतो. तुमचा नंबर आणि बुडालेली रक्कम त्यांच्या वहीत आधीच असते.